मातुगेनसची परज

हत्यारे काढून घेतल्याशिवाय शांतता नांदत नाही, आणि शांतता नांदल्याशिवाय हत्यारे सजवायला सवड मिळत नाही. वेल्लिबियाच्या थोरल्या लेकीला जुळे झाले त्या वर्षी ब्रिटनच्या उत्तरेत या दोन्ही गोष्टी एकदमच झाल्या.

रोमन फौजेने ब्रिगांतेस लोकांच्या तलवारी जमा केल्या, कारण रानटी तलवार शांततेला घातक असते. पात्यांचे खिळे झाले. मुठीखालची काशाची परज, म्हणजे हात वाचवणारी आडवी पट्टी, मात्र तपासाअंती निरुपद्रवी आढळली (तिच्यावर लाल मिना होता). ती शिपायांनी सुरक्षिततेसाठी आपापल्या तलवारींना बसवून घेतली. घोडदळात दहापैकी नऊ जणांकडे अशी परज होती. दहाव्याचे बोलणे चालू होते.

वेल्लिबियाच्या बापाने, मातुगेनसने, अंथरूण धरले होते. त्यांच्यात मेलेल्याची तलवार तळ्याला देतात. "निदान परज तरी आण," तो म्हणाला, "नाहीतर तिकडे आजोबा विचारतील, विकून प्यायलास का?" प्रश्न रास्त होता. तसे करणारे घराण्यात होऊन गेले होते.

त्याच्या जमा झालेल्या तलवारीची ती परज, एका जागचा मिना उडालेली, टुकडीप्रमुख कारांतुसच्या कमरेला होती. तो रोज वेल्लिबियाकडेच जवाची दारू प्यायचा. त्याने सगळे सहानुभूतीने ऐकले. तो समुद्रापलीकडच्या, आधीच रोमने जिंकलेल्या गॉलचा, त्याच्या आजोबांचीही तलवार अशीच जमा झाली होती.

"आमच्याकडेही तळ्यालाच देतात, मावशी."

"मग दे की."

"कशी देऊ? मी आता रोमन आहे."

पुढे वरून तपासनीस आला. शिपायाच्या अंगावर रानटी दागिना नसावा, असा नियम होता. वेल्लिबियाने त्यावरच बोट ठेवले: आमची रानटी परज याच्याकडे आहे, काढायला लावा. तपासनिसाने निःपक्षपातीपणे सगळ्यांच्या कमरा पाहिल्या, स्वतःचीसुद्धा. तिथली परज दुप्पट मोठी होती. संध्याकाळी हुकूम निघाला की ही घडण मूळची रोमन आहे. सबब ब्रिगांतेसांपैकी कोणाजवळ ती सापडल्यास फौजेच्या मालाची चोरी धरली जाईल. संदिग्धता दूर केल्याबद्दल वेल्लिबियाचे आभार मानण्यात आले.

मातुगेनस रिकाम्या हाताने गेला.

मग कारांतुसला ताप आला. तापात तो लॅटिन विसरला आणि आजोबांच्या भाषेत म्हणाला, तलवार तळ्याला द्या. सोबतीही गॉलचेच (म्हणजे रोमनच). तो गेल्यावर त्यांनी ती परजेसकट गुपचूप तळ्यात टाकली.

वेल्लिबिया काठावर उभी होती. बुडबुडे थांबल्यावर ती पाण्याकडे वाकली. "बाबा, परज येतेय. घेऊन येणारा आपल्यातलाच आहे. पण तसं बोलू नका, त्याला लागेल."

ज्याला हे वाचून हसू आले असेल, त्याने आपल्या कमरेला काय लटकते आहे आणि ते कोणाच्या आजोबांचे, हे एकदा चाचपून घ्यावे.

मातुगेनस त्या हिवाळ्याच्या पहिल्या बर्फात वारला. कारांतुस पुढच्या वसंतात वारला, रोमन म्हणून.