अंड्यांच्या खोलीतला खटका

माझी नजर घारीची, कान सशाचे आणि नाक मांजराचं आहे. गुडघे मात्र माझेच आहेत, त्यामुळे पाठलागाची कामं मी घेत नाही. बाकी कुठलंही रहस्य घेऊन या, मी ते आणखी गूढ करून देतो.

आयुष्यभर मी रोडरोलर चालवला. ज्या माणसाला रस्त्यावरची कोंबडीसुद्धा मागे टाकून पुढे जाते, त्याची निरीक्षणशक्ती वाढल्याशिवाय राहत नाही. माझ्या नजरेतून एकही माणूस सुटला नाही. सुटले ते सगळे पायांनी. अक्षरं मी उशिरा शिकलो, तीही धाकट्या बहिणीकडून, केस पिकायला लागल्यावर. तोवर नुसतं बघून ताडायची सवय अंगात मुरली होती. ताडलेलं बरोबर निघतंच असं नाही, पण मी ताडतो जोरात. गल्लीत मला हेरकाका म्हणतात. काही जण हसून म्हणतात, पण म्हणतात.

तर त्या दिवशी मी धाकटीकडे डोकावून घरी येतो न येतो तोच तिचा फोन आला.

"दादा, खटका परत पडला."

आवाज रडवेला होता. मी चपला घातल्या.

हा खटका म्हणजे तिच्या घरातला एमसीबी. तारांमधून जास्त वीज वाहायला लागली की तो आपोआप खाली पडतो आणि घर अंधारात जातं. दुसऱ्या घरात हे झालं तर पंखा बंद पडतो, माणूस शिव्या देतो, खटका वर करतो, विषय संपतो. धाकटीच्या घरात मात्र मागच्या बाजूला अंडी उबवायचं यंत्र होतं. कपाटाएवढी पेटी, आत दिवे, छोटा पंखा आणि ट्रेमध्ये ओळीने मांडलेली अंडी. वीज गेली की पेटी गार पडायला लागते. आधीची एक खेप अशीच वाया गेली होती; धाकटी बाहेर गेलेली, खटका पडलेला, कुणाला पत्ताच नाही. एकाही अंड्यातून पिल्लू निघालं नाही. आता ही दुसरी खेप शेवटच्या आठवड्यात आली होती.

"हीपण गेली तर मी यंत्र विकणार," ती मला म्हणाली होती, "आणि परत पॅकिंगच्या शेडमध्ये जाणार." त्या शेडमध्ये दिवसभर उभं राहावं लागतं. तिथून घरी आल्यावर ती पाय बादलीत घालून बसायची आणि कुणाशी बोलायची नाही. ते मी पाहिलेलं होतं, आणि त्यासाठी घारीची नजर लागत नाही.

हेराने घरात कसं शिरावं याचं एक शास्त्र आहे. हळूच शिरलात तर गुन्हेगाराला सावरायला वेळ मिळतो. म्हणून मी दार धाडकन उघडतो, आत येतो आणि न वळता टाचेने ते धाडकन लावतो. त्या दिवशीही तसाच शिरलो, आणि काय सांगू, माझ्या डोळ्यांदेखत दिवे गेले!

"पाहिलंस?" मी अंधारात म्हणालो. "मी येताक्षणी! गुन्हेगाराने मला ओळखलंय."

"आत्ताच तर वर केला होता," धाकटी म्हणाली आणि धावत जाऊन खटका परत वर केला. मग पेटीच्या काचेला हात लावून उभी राहिली.

तिचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, शाळेची बस चालवतात. दुपारी घरी असतात आणि दुपारी त्यांना बोलायला कुणीतरी लागतं. ते म्हणाले, "हेरकाका, वायरमन बोलावूया का?"

"वायरमन तारा बघेल," मी म्हणालो. "हेतू कोण बघणार?"

पण हेतू बघायलाही हत्यार लागतं. मी विजेच्या सामानाच्या दुकानात गेलो. गल्ल्यावर मालकीणबाई होत्या. त्यांना गंभीर आवाजात विचारलं, "कोणतं यंत्र किती वीज खातंय, हे त्याच्या नकळत कसं कळेल?"

"क्लॅम्प मीटर," त्या म्हणाल्या आणि खेकड्यासारखी एक वस्तू काढली. खाली आकडे दाखवणारा पडदा, वर उघडझाप करणारा जबडा. "हा जबडा तारेभोवती लावायचा. तार कापायची नाही, सोलायची नाही. आत किती अँपिअर वाहतात ते इथे दिसतं."

"म्हणजे संशयिताला हात न लावता झडती."

"तसं समजा. घरगुती कामाला हा लहान घ्या. बारीक प्रवाहही नीट दाखवतो. फक्त घरच्या विजेचा आहे, बॅटरीचा प्रवाह मोजायचा असेल तर दुसरा लागेल. तुम्हाला काय मोजायचंय?"

पण माझं लक्ष वरच्या फळीवर गेलं होतं. तिथे एक मोठा मीटर होता. त्याच्या जबड्यात माझं मनगट आरामात गेलं असतं.

"तो द्या."

"तो कारखान्यातल्या जाड केबलसाठी आहे, काका. हजार अँपिअरचा. तुमच्या घरातल्या पंख्याचा त्याला पत्ताही नाही लागायचा."

"बाई, गुन्हेगार किती मोठा आहे हे आपल्याला अजून माहीत नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मुकाट्याने मोठा मीटर पिशवीत घातला.

मी तडक धाकटीकडे गेलो, शास्त्रानुसार आत शिरलो, आणि दिवे गेले. धाकटीने खटका परत वर केला. मी मात्र आतून खूश झालो. गुन्हेगार हत्यार पाहून बिथरला होता.

झडती सुरू केली. फ्रिजची वायर जबड्यात घेतली. पडद्यावर शून्य. पंप चालू करून त्याची वायर घेतली. शून्य. यंत्राची वायर, शून्य. टेबल पंखा माझ्या तोंडावर भणभणत होता, त्याचंही शून्य.

"फ्रिज निर्दोष," मी जाहीर केलं. "पंप निर्दोष. पंखाही निर्दोष."

दाजी म्हणाले, "पंखा फिरतोय की हो. शून्य विजेवर फिरतोय?"

"सवयीने फिरत असेल."

"मग आमची बसही उद्यापासून सवयीने चालवतो. डिझेल वाचेल."

मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. घरातले सगळे निर्दोष, तर मग हात बाहेरचा, हे उघड होतं. भिंतीपलीकडे टेलरमास्तर राहतात. दिवसभर मशीन चालवतात, संध्याकाळी गरम इस्त्री फिरवतात आणि कधी कुणाच्या अध्यातमध्यात नसतात. इतका सरळ माणूस मला पहिल्यापासून खटकत होता. मी मीटर घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो.

"मास्तर, इस्त्रीची वीज कुठून घेता?"

"भिंतीतून," मास्तर म्हणाले.

"कोणाच्या भिंतीतून?"

मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या. मला हाताला धरून बाहेर नेलं, त्यांचं विजेचं वेगळं मीटर दाखवलं, वेगळी तार दाखवली आणि विचारलं, "तुमच्या पँटची बटणं मी फुकट लावून दिली होती ना?"

मी परत आलो. बहिणीला ही हकीकत सांगितली नाही, पण भिंत पातळ असल्यामुळे तिला ती आधीच ठाऊक होती.

ती मीटरसोबतचं माहितीपत्रक वाचत बसली होती. "दादा, हे वाच. हे चित्र बघ."

मी अक्षरं लावत वाचलं. वायरीच्या आत दोन तारा असतात. एकीतून वीज जाते, दुसरीतून परत येते. दोन्ही एकदम जबड्यात घेतल्या तर जाणारी आणि येणारी एकमेकींना खोडून काढतात आणि मीटर शून्य दाखवतो. एका वेळी एकच तार घ्यायची.

थोडक्यात, मी प्रत्येक संशयिताची झडती त्याच्या वकिलासकट घेत होतो.

पुन्हा दुकानात गेलो. मालकीणबाईंनी हसू दाबून एक छोटी जोडवायर तयार करून दिली. तिचं वरचं आवरण उभं चिरून आतल्या तारा वेगळ्या काढल्या होत्या. प्रत्येक तारेवरचं स्वतःचं प्लास्टिक मात्र शाबूत होतं. त्यातली एक तार मुद्दाम लांब ठेवली होती.

"तुमचा मीटर थोराड आहे," त्या म्हणाल्या, "बारीक प्रवाह त्याला नीट कळणार नाही. तर ही लांब तार जबड्याभोवती दहा वेळा गुंडाळायची. आकडा दहापट मोठा दिसेल. मग—"

"कळलं, कळलं," मी म्हणालो, कारण मला दहापट मोठा हा शब्द फार आवडला होता.

घरी येऊन आधी यंत्राला जोडवायर लावली. तार दहा वेळा गुंडाळली. पडद्यावर नऊ आला.

मी आकडा पुन्हा वाचला. चार दिवे आणि तळहाताएवढा पंखा, आणि नऊ अँपिअर! इस्त्रीसुद्धा एवढं खात नाही. खटका सोळाचा. त्यात फ्रिज आणि पंप मिळवा, पडणारच की. गुन्हेगार घरातच होता. उबदार बसून, अंडी पोटाशी धरून, साळसूदपणे!

"धाकटे," मी म्हणालो, "मन घट्ट कर. हे यंत्र बंद करावं लागणार."

"काय म्हणालास?"

"हाच तो. बघ आकडा. बंद करू या, म्हणजे खटका पडणार नाही."

"आणि खटका पडू नये म्हणून अंडी मारायची?"

प्रश्न रास्त होता. पण हेर एकदा बोलला की माघार घेत नाही. मी बटणाकडे हात नेला. धाकटी मध्ये येऊन उभी राहिली, पाठ पेटीला टेकवून. लहानपणी मी तिची बाहुली उघडून आत काय आहे ते बघायला निघालो होतो, तेव्हाही ती अशीच उभी राहिली होती.

"हात मागे घे, दादा. ही तार अशी का गुंडाळलीस?"

"दहापट दिसावं म्हणून."

"मग दहाने भागायला नको?"

"बाई तेवढंच सांगायच्या राहिल्या," मी म्हणालो.

दाजी खुर्चीतून म्हणाले, "राहिल्या की राहू दिल्या नाहीत?"

नऊला दहाने भागलं. एकालाही कमी. धाकटीने मीटर माझ्या हातातून काढून घेतला, तार सोडवली आणि दारापाशी गेली. तिथे दाराच्या चौकटीला लागून फळ्यांची भिंत आहे, तिच्यावरच तो खटका बसवलेला. त्याच्याकडे येणाऱ्या दोन तारा वेगवेगळ्या होत्या. तिने एकीभोवती जबडा लावला. फ्रिज चालू, पंखा चालू, यंत्र चालू. मग दाजींना पंप सुरू करायला लावला. आकडा जरा हलला आणि सातच्या आसपास थांबला.

"सोळाचा खटका," ती म्हणाली, "आणि सगळं घर मिळून सात. मग पडतो कशाला?"

"मीटर खोटं बोलतोय," मी म्हणालो.

"मीटर पहिल्यापासून खरंच बोलतोय, दादा. तूच त्याला वेडेवाकडे प्रश्न विचारतोयस."

पंप बंद करायला लावून ती तिथेच स्टूल टाकून बसली, मीटर तारेला लावलेला, नजर आकड्यावर. मला म्हणाली, जा, मालकीणबाईंना विचारून ये, असं कशामुळे होतं. मी गेलो. दुकानाला कुलूप होतं, जेवणाची वेळ. परत आलो. ही बातमी ताबडतोब द्यायला हवी होती, म्हणून नेहमीपेक्षा जरा जोरातच शिरलो. दार धाडकन उघडलं, टाचेने धाडकन लावलं.

दिवे गेले.

"आकडा किती होता?" मी ओरडलो. "किती वर गेला?"

अंधारात स्टूल करकरलं. मग धाकटी हसायला लागली. आधी हळू, मग इतकी की तिला भिंतीला धरावं लागलं. दाजींना बहुतेक आधीच कळलं असावं, कारण ते उशीत तोंड खुपसून हसत होते.

"दोन होता," ती म्हणाली. "पडायच्या आधीही दोनच. दादा, तू बाहेर जा."

"का?"

"जा तर. आणि परत ये. तुझ्या पद्धतीने."

तिने खटका वर केला. मी बाहेर गेलो, आत आलो. धाडकन. दिवे गेले.

"आता माणसासारखा ये."

मी दार हलकेच उघडलं, हलकेच ओढून घेतलं. दिवे तसेच. फ्रिजची घरघर ऐकू येत होती.

खटका जुना झाला होता, आतली पकड झिजली होती. दाराचा दणका चौकटीला बसायचा, चौकटीचा फळ्यांना, आणि फळ्यांनी हलवलं की तो वीज कितीही कमी असो, खाली यायचा. आणि त्या घरात दार आपटणारा माणूस एकच होता. तो रोज दुपारी चौकशीला यायचा.

"आणि ती पहिली खेप?" मी विचारलं. "तेव्हा तर तू घरी नव्हतीस."

"नव्हते. तू येऊन गेला होतास. घरात कुणी नाही बघून परत गेलास, असं तूच सांगितलं होतंस."

मी स्टुलावर बसलो. दाजी हसायचे थांबले होते. धाकटीने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "चहा टाकते."

खटका लगेच बदलता आला नाही, कारण बदलायचा तर वीज बंद ठेवावी लागते आणि अंडी अगदी टोकाला आली होती. मग असं ठरलं की तोवर मी पुढच्या दाराने यायचं नाही. मी पायरीवर बसायला लागलो. कुणी पाहुणा आला की उठून सांगायचो, दार हळू लावा. टेलरमास्तर एकदा मुद्दाम येऊन म्हणाले, "हेरकाका, पहारेकरी झालात?" मी त्यांना बसायला जागा दिली. पँटचा विषय त्यांनी काढला नाही, ते मोठ्या मनाचे आहेत.

एका सकाळी खिडकीतून हाक आली. "दादा! मागच्या दाराने ये! पळत!"

मी घराला वळसा घालून गेलो. पळत म्हणजे माझ्या गुडघ्यांचं जे पळणं असतं तसं. पेटीच्या काचेआड ट्रेभर टकटक चालली होती. एका कवचाला भोक पडलं होतं, त्यातून चोच बाहेर येत होती, आत जात होती. धाकटी काचेला नाक लावून बसली होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते ती पुसतही नव्हती.

दुपारपर्यंत पेटी चिवचिवाटाने भरून गेली. दाजींनी शेडच्या मुकादमाला फोन करून सांगितलं की धाकटी काही कामाला येत नाही. धाकटीने पहिलं सुकलेलं पिल्लू उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. रोडरोलर धरून धरून माझे तळवे खडबडीत झालेत, तरी ते तिथे ऐटीत उभं राहिलं.

मी त्याच्याकडे घारीच्या नजरेने पाहिलं. "हा कोंबडा होणार," मी म्हणालो. "उभं राहण्यावरून सांगतो."

"नक्की?" धाकटीने विचारलं.

"शंकाच नको."

तो कोंबडा आता धाकटीच्या अंगणात असतो, आणि गेल्या आठवड्यात त्याने पहिलं अंडं घातलं.