गालांची दुरुस्ती

माणसाच्या चेहऱ्याबद्दल मला कुणी शिकवायला येऊ नये! माझं फोटोचं दुकान आहे आणि उभा जन्म मी लोकांचे चेहरे दुरुस्त करण्यात घालवलाय. लग्नाचे, वाढदिवसाचे फोटो आता ज्याचे त्याने मोबाइलवर उरकावेत. माझ्याकडे लोक येतात ते घरातलं कुणी गेल्यावर. हातात एकच चुरगळलेला फोटो असतो, आणि त्यात गेलेला माणूस कुठल्यातरी घोळक्यात नेमके डोळे मिटून उभा असतो! "एवढा एकच आहे हो. डोळे उघडता येतील का?" येतील की! मी डोळे उघडतो, गाल भरतो, बनियनवर कोट चढवतो, आणि फारच आग्रह झाला तर माणसाला हसवतोसुद्धा. ज्याने आयुष्यभर घरच्यांवर फक्त डाफरण्याचं काम केलं, तो माझ्या दुकानातून हसतमुखाने घरी जातो.

दुकानाचा एक नियम आहे. फोटो खाकी कागदात बांधायचा, वर चिकटपट्टी मारायची आणि गिऱ्हाइकाला बजावायचं, "घरी जाऊन उघडा!" कारण लोक इथेच उघडतात, काउंटरवर डोकं ठेवून रडतात आणि मागच्या माणसाचा खोळंबा होतो.

म्हणूनच लेकीची शाळा निवडायची वेळ आली, तेव्हा मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं, "शाळेचं माझ्यावर सोड!"

बायको खिडकीजवळच्या पलंगावर पडून होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. घरी न्या, म्हणाले, जे खावंसं वाटेल ते खाऊ द्या. केस गेले होते, गाल गेले होते, जीभ तेवढी शाबूत होती.

"तुमच्यावर सोडलं की काय होतं ते लग्नापासून बघतेय," ती म्हणाली. "पण लवकर करा. पोरगी रोज सकाळी कुठल्या दारातून आत जाणार, एवढं मला कळू दे. मग मी मोकळी."

दोन शाळा होत्या. एक दुकानाच्या मागेच. तिथे चित्रकलेचा तास शनिवारी शेवटचा, आणि तो कवायतीचे सर घ्यायचे. ते फळ्यावर एक गोल काढत आणि "हा चेंडू, रंगवा!" म्हणून शिट्टी वाजवत. दुसरी शाळा दोन बस बदलून जायची, पण तिथे कलेचा स्वतंत्र विभाग. आठवीपासून अर्धा दिवस नुसतं चित्र, माती आणि छपाई! अट अशी की एकाच जिवंत माणसाची समोर बसवून काढलेली चित्रं आणायची, आणि मुलाखत द्यायची.

मी जातीने जाऊन ती शाळा पाहून आलो. शिरल्या शिरल्या लांब व्हरांडा आणि भिंतीवर ओळीने चेहरेच चेहरे. सगळे गुबगुबीत, सगळे गुलाबी, सगळे हसरे! मला शाळेचं मर्म दारातच उमगलं. घरी येऊन जाहीर केलं, "शाळा पसंत! माणूस कसा दाखवावा हे त्यांना कळतं!"

लेकीने फक्त मान डोलावली. ती तशी अबोलच. वर्षभर आईच्या पायाशी पॅड घेऊन बसायची, आणि मी खोलीत आलो की पॅड पालथं घालायची. मुलाखतीच्या आदल्या दिवशी दुपारी ती दुकानात आली आणि चित्रांची जाडजूड फाईल काउंटरवर ठेवली.

"बाबा, एवढी पुठ्ठ्यावर नीट बसवून द्या. बाकी हात लावायचा नाही."

"अगं, मी काय परका आहे का?"

"नाही ना. म्हणून तर सांगतेय."

ती गेली आणि मी फाईल उघडली. सगळ्या चित्रांत तिची आई होती. पहिल्यात ती तोंड उघडं टाकून झोपलेली, गाल आत गेलेले. दुसऱ्यात डोक्यावरची शीर दिसत होती. तिसऱ्यात ती पलंगाच्या कडेला वाकून प्लॅस्टिकच्या टबात उलटी करत होती, आणि पाठीचा एकेक मणका पोरीने मोजून काढला होता.

मी स्टुलावर बसलो. ही बाई मी रोज बघत होतो! निदान मला तसं वाटत होतं. खरं म्हणजे मी घरी गेलो की औषधाच्या बाटलीकडे बघायचो, पंख्याकडे बघायचो, चादरीच्या टोकाकडे बघायचो. इतकी ती संपत आलीय हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला भीती वाटली.

आणि भीती वाटली की मी एकच करतो. पेन्सिल उचलतो!

म्हटलं, डोळ्यांखालचं काळं तेवढं जरासं हलकं करू. शाळेलाही बरं वाटेल. खोडरबराचं टोक फिरवलं. मग डोळे बरे दिसू लागले, पण गाल अगदीच उघडे पडले. थोडा कापसाचा बोळा फिरवला, गाल भरले. आता एवढे भरलेले गाल आणि डोक्यावर केस नाहीत, हे कसं दिसतं? केस काढले! चांगले लांब, मधोमध भांग. झोपलेल्या चित्रातलं तोंड मिटलं आणि सवयीने हात वर गेला तसे डोळे उघडले. राहता राहिला तो टब. त्याचं काय करावं हा मोठाच पेच होता, पण मी काही काल या धंद्यात आलेलो नाही! टबाला थोडी नक्षी काढली, वर चार फुलं ठेवली. उलटी करणारी बायको आता फुलदाणीवर वाकून वास घेत होती.

संध्याकाळपर्यंत माझी बायको ठणठणीत बरी झाली. मी सगळं खाकी कागदात बांधलं, चिकटपट्टी मारली आणि लेकीला दिलं. "तिथे जाऊनच उघड हं! कोपरे दुमडतील."

मुलाखतीची खोली लांबलचक होती. उंच खिडक्या, ओल्या मातीचा वास आणि रंगांनी बरबटलेलं मोठं टेबल. टेबलामागे मुख्याध्यापक आणि कलाविभागाच्या बाई. बाईंनी अंबाड्यात पेन्सिल खोचलेली होती. मी मागच्या खुर्चीत पायावर पाय टाकून बसलो.

लेकीने कागद फाडला. पहिलं चित्र बघितलं. दुसरं बघितलं. फुलदाणीपाशी आली आणि थांबली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. पोरगी भारावली असं मला वाटलं! माझ्या गिऱ्हाइकांचंही असंच होतं.

"या कोण?" बाईंनी विचारलं.

"आई."

"त्यांचीच चित्रं का काढलीस?"

"आजारी आहे."

बाईंनी चित्राकडे पाहिलं. चित्रातून बायको गुटगुटीत हसत होती. "आता बऱ्या झाल्या का?"

मीच मागून मदत केली. "हो हो! म्हणजे, चित्रात!"

बाईंनी एक चित्र उचललं आणि खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं. मुख्याध्यापक पेपरवेट फिरवत बसले.

"यात दोन हात आहेत," बाई म्हणाल्या. "चादर, बोटं, पाठ, हे एकाचं काम. फार चांगलं काम. तोंड दुसऱ्याने काढलंय. ही बघा, ही मान ओकणाऱ्याची आहे, हिच्यासमोर फुलं कशी?"

मुख्याध्यापकांनी पेपरवेट ठेवला. "बाळ, दुसऱ्याकडून काढून आणलेली चित्रं आम्ही घेत नाही. कुणी काढले हे चेहरे?"

एक शब्द बोलली असती तर पोरगी सुटली असती. नुसतं मागे वळून बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं! पण ती टेबलावरच्या रंगाच्या डागाकडे बघत राहिली. माझ्यासाठी गप्प बसली, हे मला नंतर कळलं. तेव्हा माझं लक्ष बाईंच्या पुढच्या वाक्याकडे होतं.

"दुसरा हात मात्र सराईत आहे," बाई म्हणाल्या.

"आभारी आहे!" मी म्हणालो.

बाई आणि मुख्याध्यापक, दोघांनीही माझ्याकडे वळून पाहिलं. ते शब्द परत घ्यायची काही सोय असती तर मी दुकान विकून ती केली असती. मी उभा राहिलो, पुन्हा बसलो, पुन्हा उभा राहिलो.

"म्हणजे, चित्रं तिचीच आहेत! मी फक्त गाल. आणि केस. आणि थोडी फुलं. तुमच्या व्हरांड्यात सगळे असेच गुबगुबीत हसताना पाहिले, म्हटलं शाळेची आवड तीच असणार!"

"ते देणगीदार आहेत," बाई म्हणाल्या. "पेंटर बाहेरून आणला होता. मुलांना आम्ही तिथून खाली बघून चालायला सांगतो."

मुख्याध्यापकांना एकाएकी खोकला आला.

"सोमवारी परत ये," बाई लेकीला म्हणाल्या. "नवी चित्रं आण. आईचीच."

तेव्हा कुठे लेक बोलली. "ती आता तशी नाहीये."

"मग कशी आहे?"

"कमी झालीय."

बाईंनी चष्मा काढला आणि पुसला. "मग सोमवारची वाट बघू नकोस," त्या म्हणाल्या. "आज घरी गेलीस की काढायला बस."

येताना बसमध्ये लेक पुढच्या सीटवर बसली आणि मी मागच्या. तिच्या शेजारची जागा रिकामी होती, पण तिने तिथे फाईल ठेवली होती. मला माझी लाज वाटत होती आणि ती सांगायला समोर फक्त तिची वेणी होती.

घरात शिरताच बायकोने विचारलं, "काय झालं? दार ठरलं का?"

लेकीने फाईल आईच्या मांडीवर ठेवली आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. बायको एकेक चित्र बघू लागली. मी दारात उभा. फुलदाणी आली तशी ती हसायला लागली. हसता हसता खोकला लागला, डोळ्यांत पाणी आलं.

"अहो, वास घ्यायला कुणी एवढं वाकतं का? फुलं नाकात घालतेय की काय मी?"

मला हायसं वाटलं. म्हटलं, निभावलं! तेवढ्यात झोपलेलं चित्र आलं आणि तिचं हसू थांबलं.

"हे माझे डोळे उघडलेत."

"हो. म्हणजे, मिटलेले बरे दिसत नाहीत."

"मी झोपले होते."

मी पंख्याकडे बघितलं.

"झोपलेल्या माणसाचे डोळे कुणी उघडत नाही हो," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसा. "हे काम तुम्ही कुणाचं करता ते मला माहीत आहे. मी अजून आहे ना? एवढ्यात कागदात बांधून टाकलंत?"

मी ते चित्र फाईलीत परत सरकवायला गेलो, तिने ते धरून ठेवलं.

"मला बघवत नाही गं," मी शेवटी म्हणालो.

"ठाऊक आहे. वर्षभर पंख्याशी बोलताय!" तिने फाईल बाजूला सारली आणि आत हाक मारली. "ये गं! पॅड घेऊन ये. आणि या तुझ्या बाबांनाही पलंगावर बसव. दोघांना मिळून काढ. बघू देत त्यांना जरा."

सोमवारी चित्रं दिली, प्रवेश झाला, आणि ते ऐकायला बायको होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागायला नको. पण त्या दुपारचं मला सांगायचंय.

लेकीने मला आईच्या शेजारी उशीला टेकवून बसवलं. हनुवटीला धरून माझं तोंड आईकडे वळवलं, पार जवळ.

"पेन्सिलीकडे बघायचं नाही. आईकडे बघायचं. आणि बाबा, हसायचं नाही हं. फोटोसारखं."

"छे! हसतोय कशाला?"

पेन्सिल कागदावर चालू लागली. मी बघू लागलो. कपाळावर शीर होती. ओठ सुकून फाटले होते. भुवया गेल्या होत्या, हे तर मला माहीतच नव्हतं! डोळे मात्र तेच होते, मला पुरते ओळखून असलेले. आता ते मिटायला टेकले होते आणि मला एकदाही कुठे हात फिरवावासा वाटला नाही. ही जाणार, हे मी पहिल्यांदा तिच्याकडे बघून स्वतःशी म्हटलं.

"बाबा!" लेक ओरडली. "हसू नका म्हटलं ना! तोंड हलतंय!"

बायकोने माझ्याकडे बघितलं. मग चादरीतून हात काढून माझ्या हातावर ठेवला. काय तो हात, नुसती हाडं!

"हसत नाहीयेत गं ते," ती म्हणाली.

पेन्सिल थांबली. लेक मान वर करून माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पॅड जरा तिरकं धरलं आणि पुन्हा काढायला लागली, आधीपेक्षा जोरात. दोन्ही गालांवरून पाणी वाहत होतं, वर माझं नाक गळायला लागलं, आणि एक हात बायकोच्या हाताखाली अडकलेला, दुसरा हलवायची परवानगी नाही.

शेवटी अगदीच राहवेना, तेव्हा मी ओठ न हलवता विचारलं, "नाक पुसू का गं?"

"थांबा," लेक म्हणाली. "नाकच काढतेय."