सहा मीटर, ना कमी ना जास्त

“आज माझ्या हातून चूक होणं शक्यच नाही!” बुटाची नाडी बांधता बांधता सेंटीमीटररावांनी जाहीर केलं आणि त्यांच्या बायकोने देवाला हात जोडले. मागच्या खेपेलाही ते अगदी हेच म्हणाले होते.

सेंटीमीटरराव हे त्यांचं बंदरावरचं नाव. काम काय, तर बंदरात येणाऱ्या जलमार्गाचा तळ मोजायचा. तळ कसला, नुसता गाळ! आज इथे, उद्या तिथे. सेंटीमीटरराव बोटीत बसायचे, बोटीखालचं यंत्र पाण्यात आवाज सोडायचं, तो आवाज तळाला आपटून परत आला की पडद्यावर आकडा उमटायचा, आणि त्या आकड्याच्या भरवशावर भलीमोठी जहाजं आत यायची. ‘साधारण’, ‘असेल काहीतरी’ हे शब्द त्यांना शिवीसारखे लागत. संध्याकाळी घरी आले की बायको चहाचा कप पुढे करून विचारायची, “आज किती?” आणि हे छाती फुगवून सांगायचे, “दहा मीटर बेचाळीस!” तिला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण वीस वर्षांत हा प्रश्न एक दिवस चुकला नव्हता.

मागच्या महिन्यात मात्र घोळ झाला. भरतीचं पाणी आकड्यातून एकदा वजा करायचं, ते दोनदा वजा झालं, आणि गाळ उपसणारं अवाढव्य ड्रेजर तीन दिवस नसलेला गाळ उपसत बसलं! बंदरप्रमुखांनी, म्हणजे मोठ्या साहेबांनी, आवाज न चढवता सांगितलं, “आणखी एक चूक, की तुमची बोट बंद. मग बसा तळघरात, जुन्या नकाशांच्या खोलीत.” त्या खोलीला खिडकी नव्हती. होती ती एक ट्यूबलाइट, तीही डोळे मिचकावणारी. पाण्यावर आयुष्य काढलेला माणूस! त्या खोलीच्या नुसत्या आठवणीने ते प्रत्येक वजाबाकी तीनतीनदा तपासू लागले.

त्यांच्या मते ती चूक त्यांची नव्हतीच मुळी. ती तांडेलाची. तांडेल बोट चालवायचा आणि त्याहून जास्त तोंड चालवायचा. नेमकी वजाबाकी चालू असताना त्याने आपल्या गुडघेदुखीची कहाणी लावली होती. म्हणून सेंटीमीटररावांनी बोटीत पाटी ठोकली: ‘मोजणी चालू असताना बोलू नये.’ तांडेल ती वाचून जो फुगला, तो फुगलाच.

तर त्या दिवशी दुपारी दोनच्या भरतीला एक मोठं जहाज आत यायचं होतं. त्याचं पोटच नऊ मीटर पाण्याखाली! सकाळीच बोट निघाली. मोजणीआधी यंत्राची परीक्षा घ्यायची असते. एक लोखंडी चकती, जिला सगळे तवा म्हणत, ती साखळ्यांनी बोटीखाली बरोबर सहा मीटरवर सोडायची. यंत्राने सहा दाखवलं की यंत्र शहाणं. मग तवा वर ओढायचा आणि कामाला लागायचं.

तवा सोडला. यंत्र म्हणालं, सहा मीटर शून्य शून्य!

“याला म्हणतात यंत्र!” सेंटीमीटरराव हरखले. तेवढ्यात मोठ्या साहेबांचा फोन. “जहाज वेळेवर येतंय. आकडा कधी देताय?” सेंटीमीटरराव ताडकन उभे राहिले. “देतो साहेब, हा निघालोच!” फोन ठेवला आणि ओरडले, “तांडेल, चला! मोजणी सुरू!”

“साहेब, पण तो...”

“शू!” सेंटीमीटररावांनी पाटीकडे बोट दाखवलं. तांडेलाने तोंड मिटलं आणि बोट पुढे काढली.

पहिला आकडा आला, सहा मीटर. दुसरा, सहा मीटर. दहावा, विसावा, पन्नासावा, सहा मीटर! सेंटीमीटररावांनी बाहीने पडदा पुसून पाहिला. कालपर्यंत इथे दहा मीटर होते! एका रात्रीत चार मीटर गाळ?

“आणि हा सपाटपणा बघा!” ते स्वतःशीच बोलू लागले. “पातळ गाळ आहे हा! फरशीवर दूध सांडावं तसा पसरलाय. वर कुठेतरी काठ ढासळला असणार!” माणूस अभ्यासू असला की त्याला कारण सापडायला वेळ लागत नाही.

तांडेलाने खाली बोट दाखवलं.

“हो, गाळच! दिसतंय मला!”

तांडेलाने पुन्हा जोरजोरात खाली बोट दाखवलं. मग दोन्ही हातांनी काहीतरी ओढून काढल्यासारखं केलं.

“उपसावा लागणार, कळतंय! पण दोन वाजेपर्यंत कोण उपसणार एवढा?”  तांडेलाने कपाळावर हात मारला. तीही सेंटीमीटररावांना सहानुभूतीच वाटली.

शेवटी त्यांनी फोन केला. “साहेब, मार्ग बंद करा! सहा मीटर!” जहाज बाहेरच थांबवलं. भोंगे वाजले. ड्रेजरवाल्यांना जेवणावरून उठवलं.

“धक्क्याजवळच्या खड्ड्यात बघा,” साहेब फोनवरून ओरडले. “तिथे अठरा मीटर आहेत!”

बोट खड्ड्यावर गेली. सहा मीटर!

सेंटीमीटरराव मटकन खाली बसले. अठरा मीटरचा खड्डा गिळणारा गाळ! आता बंदर बुडालं, नोकरी बुडाली. पाण्याकडे बघत ते म्हणाले, “वीस वर्षं तुझी सेवा केली रे, हेच फळ?” तांडेल यावर बोलणार होता, पण पाटी होती.

“काठाजवळ घ्या,” सेंटीमीटरराव क्षीण आवाजात म्हणाले. काठाजवळ पाणी जेमतेम पाच मीटर. तिथे पोचताच बोटीला हिसका बसला आणि ती जागच्या जागी थांबली. इंजिन गुरगुरतंय, बोट हलेना!

“गाळाने धरलं!” सेंटीमीटररावांनी फोनवर किंकाळी फोडली. “साहेब, वाचवा! गाळ बोटीला खाली ओढतोय!”

टग, म्हणजे जहाजं ओढणारी दणकट बोट, आली. पुढे खुद्द मोठे साहेब उभे. दोर बांधला, टगने जोर लावला, आणि बोट सुटली. बाजूने दोन साखळ्या खळखळत वर आल्या, आणि त्यांच्या टोकाला चिखलाने माखलेला तवा.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. एव्हाना दोन वाजून गेले होते आणि भरती उतरणीला लागली होती. जहाज आता पुढच्या भरतीपर्यंत बाहेर ताटकळणार.

“तांडेल,” साहेबांनी विचारलं, “तवा खाली आहे हे तुला ठाऊक होतं?”

“सकाळपासून, साहेब.”

“मग बोलला का नाहीस?”

तांडेलाने पाटीकडे बोट दाखवलं. साहेबांनी पाटी दोनदा वाचली. मग सेंटीमीटररावांच्या हातातली वही घेतली, पानं उलटली.

“दोनशे चौदा आकडे,” ते म्हणाले. “दोनशे चौदा वेळा तुम्ही आमचा तवा मोजलात, आणि एकदाही चुकला नाहीत. नकाशांच्या खोलीत अशाच काटेकोर माणसाची गरज आहे. उद्या आठला या.”

संध्याकाळी सेंटीमीटरराव घरी आले. बूट न काढताच खुर्चीत बसले. बायकोने चेहरा पाहिला आणि तिला सगळं कळलं, पण वीस वर्षांची सवय कुठे जाते! चहाचा कप पुढे आला.

“आज किती?”

सेंटीमीटररावांनी तोंड उघडलं, आणि तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं, की अख्ख्या दिवसात त्यांनी तळ एकदाही मोजला नव्हता. त्यांनी कपाकडे बघत मान खाली घातली.

“साधारण...” ते पुटपुटले, “असेल काहीतरी.”