शिट्टीवरचा खल

मलकापूरच्या जिनिंग-प्रेसमध्ये बॉयलर सांभाळणाऱ्या माणिकरावांना सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. मोताळ्याचे शेषराव आपल्या मुलासाठी त्यांच्या अन्नपूर्णेला बघायला आले होते. याआधीची दोन स्थळं नुसता चहा पिऊन उठली होती. पसंती झाली तर पाहुणे जेवणार, नाही तर चहावरच निघणार, असा रिवाज. म्हणून होकार येताच ताटं वाढता यावीत यासाठी माणिकरावांनी नवाकोरा प्रेशर कुकर आणला होता.

"पन शिट्टी तं वाजनच ना," त्यांच्या बायको पुष्पाबाई म्हणाल्या.

झालं! पसंतीआधीच वरण शिजतंय हे पाहुण्यांना कळलं, म्हणजे पोरगी गळ्यात बांधायची घाई उघडी पडली. बैठकीत शेषराव मुलीला शिवणकाम येतं का विचारत होते आणि माणिकराव बैठक ते स्वयंपाकघर येरझारा घालत होते. (शेषरावांना वाटलं, गृहस्थाचं पोट बिघडलंय.) कुकर फुरफुरू लागताच त्यांनी शिट्टीवर लोखंडी खल पालथा घातला.

"वाफ जाईन कुठून?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"मी बॉयलर सांभाळून राह्यलो. मले नोको शिकवू."

प्रेसमध्ये झडपेतून वाफ सुटली की मालक कोळशाच्या नावानं शंख करायचा. त्यामुळे वाफ सुटणं म्हणजे नामुष्की, हे त्यांच्या हाडीमासी खिळलं होतं.

शेवटी झाकणातलं बारकं बूच उडालं. वरणाचं कारंजं छताला लागलं आणि दारातून थेट शेषरावांच्या टोपीवर उतरलं. सगळे टोपीकडे बघत बसले. अन्नपूर्णा तेवढी उठली, स्टोव्हची चावी ढिली करून आली आणि म्हणाली, "बूच उडालं म्हून कुकर वाचला, बाबा. खल काऊन ठेवला?"

 हेही स्थळ गेलं, या विचारानं माणिकरावांना रडू फुटायचं बाकी होतं.

शेषरावांनी मिशीवरचं वरण चाखलं. "मीठ बरोबर हाये. पोरगीबी पसंत हाये. पन एक अट हाये."

"सांगा, काय पायजे ते देतो," माणिकराव हात जोडून म्हणाले.

"लग्नाच्या दिवशी तुम्ही मांडवातच बसा. चुलीकडे जाऊ नोका."

माणिकरावांनी तोंड उघडायच्या आत पुष्पाबाईंनी आतूनच अट कबूल करून टाकली.