चौथी ताटली

बायको गेल्यानंतर चार महिन्यांनी तपासनीसांनी स्वयंपाकघरात पहिल्यांदा काही करायचा घाट घातला, तेही हातात थर्मामीटर घेऊन. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत त्यांनी बत्तीस वर्षं काढली होती. निवृत्त झाले तरी गल्लीत त्यांना सगळे तपासनीसच म्हणत. घरातही त्यांचा खाक्या तोच. ताटात काहीही पडो, आधी एक घास आणि मग शेरा.

याला निमित्त लेकीचं झालं. ती आठवडाभरासाठी आली होती आणि रविवारी संध्याकाळी परत जाणार होती. बुधवारी भांडी पुसता पुसता ती सहज बोलून गेली, "आईच्या त्या चॉकलेटच्या कुकीज अजून एकदा खायला मिळायला हव्या होत्या, बाबा."

तपासनीसांची नजर फ्रीजरकडे गेली. फ्रीजरमध्ये, वाटाण्याच्या पिशवीमागे, एका पांढऱ्या डब्यात बायकोनं शेवटचं मळलेलं पीठ होतं. मोजून सात गोळे. भाजले की संपले, म्हणून त्यांनी त्यांना हात लावला नव्हता, की कोणाला सांगितलंही नव्हतं. सात गोळ्यांसाठी आपण चार महिने फ्रीजरचं दार जपून उघडतो, हे पोटच्या पोरीला कुठल्या तोंडानं सांगणार?

तेव्हा त्यांनी ठरवलं, तशाच कुकीज आपण करायच्या. म्हणजे लेकीची इच्छा पुरी होईल आणि डबाही शाबूत राहील. कृती बायकोच्या वहीत होती. मिठापुढे तेवढं 'अंदाजानं' लिहिलं होतं. तिथे त्यांनी स्वतःच्या मते योग्य तेवढं, म्हणजे चिमूटभर घालायचं ठरवलं. खरी अडचण वेगळीच होती. बायको पीठ मळून फ्रीजमध्ये मुरत ठेवायची, पण किती तास, हे वहीत कुठेच नव्हतं. सगळी गोम त्या तासांत आहे, याबद्दल तपासनीसांना तिळमात्र शंका नव्हती.

शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या वहिनी बायकोची जिवाभावाची मैत्रीण. त्यांना विचारलं.

"वहिनी, पीठ मळून ही ते किती तास ठेवायची?"

"तास कसले मोजताय, भाऊजी! कंबर दुखायची थांबेपर्यंत. मळून झालं की आडवी व्हायची बिचारी."

तपासनीसांनी नोंद केली : 'कंबर. कालावधी अनिश्चित.' ही कंबर त्यांच्या कानावर कधीच आली नव्हती.

गुरुवारी सकाळी पहिलं पीठ फ्रीजमध्ये गेलं, बहात्तर तासांचं. शुक्रवारी अठ्ठेचाळीस तासांचं, शनिवारी सकाळी चोवीसचं, संध्याकाळी बाराचं. पाचवं रविवारी सकाळी, अजिबात न मुरवता. सगळे डबे एकसारखे पांढरे. तापमान हलू नये म्हणून फ्रीजचं दार दिवसातून तीनदाच उघडायची परवानगी होती. भाजी खिडकीत आली. दूध बाहेर राहून फाटलं.

"बाबा, चहा कसा करू?"

"रविवारपर्यंत कोरा पी."

रविवारी त्यांनी लेकीच्या हातात सूचनांचा कागद ठेवला. फ्रीजमधले सर्व पांढरे डबे काढावेत, एकही वगळू नये. तासभर बाहेर ठेवावेत. भाजून ताटल्यांना आकडे द्यावेत. कुठला डबा कुठला, हे तपासणाऱ्याला सांगू नये. कसलाही प्रश्न विचारू नये. लेक त्यांचीच. तिनं एकही प्रश्न विचारला नाही.

तपासनीस बाहेरच्या खोलीत स्वयंपाकघराकडे पाठ करून बसले. समोर वही आणि पाण्याचा पेला. लेक प्रत्येक ताटलीत एक कुकी घालून आणी, उरलेल्या आत, तिनं चवीला बोलावलेल्या वहिनींपुढे ठेवी. तपासनीस एकच घास घेत, बाकीची बाजूला ठेवत, चूळ भरत आणि लिहीत. एक : 'पसरट, कच्चट.' दोन : 'बरी.' तीन : 'रंग चांगला, चव गुळमुळीत.'

चौथीचा घास घेतला, आणि लिहायच्या आधीच सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं, "मीठ जास्त झालंय हं!"

आत काहीतरी खळकन पडलं. पाचवी ताटली यायला बराच वेळ लागला. लेकीचे डोळे लाल दिसले. ओव्हनच्या धगीनं असतील, असं तपासनीसांना वाटलं. मग सहावी ताटली आली.

"सहावी? डबे तर पाच."

"सहा होते, बाबा. एक फ्रीजरमध्ये होता, वाटाण्यांच्या मागे. एकही वगळू नये असं तुम्हीच लिहिलंत."

तपासनीसांनी पेन खाली ठेवलं.

"त्याला कितवा आकडा दिलास?"

"चार." तिनं डोळे पुसले. "मी पहिला घास घेतला, आणि तेवढ्यात तुम्ही बाहेरून ओरडलात, मीठ जास्त झालंय म्हणून. दोन्ही एकदम झालं, बाबा. मला वाटलं, आता आई बोलणार."

"बाकीच्या कुठेत?"

दारात उभ्या असलेल्या वहिनींनी पदराला हात पुसले. "तीन हिनं खाल्ल्या, तीन मी. रडता रडता कधी संपल्या, कळलंच नाही, भाऊजी."

म्हणजे उरली ती त्यांच्या पुढ्यातली, दाताची खूण असलेली अर्धी.

तपासनीसांनी वहीची पानं मागे उलटली. पाच डबे, बहात्तर तास, फाटलेलं दूध. तिची चव तासांत नव्हतीच. फरक मिठाचा होता.

"पण तीस वर्षं सांगत आलो तिला, मीठ कमी घाल म्हणून," ते चिडून म्हणाले. चिडल्याशिवाय त्यांना बोलताच आलं नसतं. "एकदा तरी ऐकावं की नाही माणसानं?"

वहिनींनी लेकीकडे पाहिलं. बोलावं की नाही, त्यांना कळेना.

"मीही विचारलं होतं तिला एकदा," शेवटी त्या म्हणाल्या. "तर म्हणाली, मीठ बरोबर पडलं की हे मुकाट्यानं खातात आणि उठून जातात. जास्त पडलं की निदान बोलतात तरी."

मग वहिनी आपल्या घरी गेल्या आणि लेक बॅग भरायला आत गेली.

तपासनीसांनी अर्धी कुकी उचलली आणि एक घास घेतला. मीठ खरंच जास्त होतं.

"मीठ जास्त झालंय हं," ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून म्हणाले, आणि थांबले. यावर तिचं उत्तर ठरलेलं असे : "मग ठेवा, मी खाते." त्यांनी कधीच ठेवली नव्हती.

थोडा वेळ वाट पाहून त्यांनी उरलेला घासही खाऊन टाकला.