चारी बाजूंना पाणी आणि कलम चौदा

आमच्या घरात अटी आणि नियम शेवटपर्यंत वाचणारा माणूस एकच, तो म्हणजे मी. बाकीचे लोक 'वरील सर्व मजकूर मी वाचला आहे' या ओळीसमोर खूण करून मोकळे होतात. मी चहा घेऊन बसतो. विमा कंपनीच्या दावे विभागात एकतीस वर्षं काढली आहेत. छपरावर झाड पडलं की घरमालक झाडाकडे बघतो. मी ते कुठल्या कलमात पडलं ते बघतो. असा माणूस क्रूझ बुक करताना फसेल असं तुम्हाला वाटतं का? मलाही वाटलं नव्हतं.

साथीचं दुसरं वर्ष चालू होतं. जेवणाच्या टेबलाचा डावा अर्धा भाग म्हणजे माझं ऑफिस आणि उजवा अर्धा म्हणजे हिचा शिवणविभाग. ही एरवी पडदे शिवते, त्या वर्षी मास्क शिवत होती. मी फोनवर कुणाला तरी "आपला दावा मान्य करता येत नाही" असं सांगायला लागलो, की नेमकं त्याच वेळी हिचं मशीन धडधडायला लागायचं. तो निव्वळ योगायोग होता असं ती आजही म्हणते.

एकदा दुपारी दातांनी दोरा तोडत ती म्हणाली, "या वर्षी लग्नाला तीस वर्षं होतील."

"काय हवंय?" मी विचारलं.

"वस्तू काही नको. एकदा असं पाणी बघायचंय की कुठल्याच बाजूला काठ दिसू नये. शाळेत असल्यापासून मनात आहे."

आता इथे एक गोष्ट सांगून टाकतो. माझं आणि पाण्याचं जमत नाही. बादली आणि तांब्या यांच्यापलीकडे आमची ओळख गेलेली नाही. पोहण्याच्या तलावाच्या जाहिरातीनंसुद्धा मला गरगरतं. हे मी हिला तीस वर्षांत कधी कळू दिलेलं नव्हतं, निदान माझी तशी समजूत होती.

पण त्या दिवसांत बातम्यांत रोज एकच ओळ यायची: अमुक फेरी रद्द, तमुक जहाज धक्क्यालाच उभं. मी एका क्रूझ कंपनीचे नियम उघडले आणि कलम चौदापाशी पोहोचलो. कंपनीनं फेरी रद्द केल्यास प्रवाशांची जागा आपोआप पुढच्या फेरीत जाईल, आणि खोली एक दर्जा वरची मिळेल. मी ते तीनदा वाचलं. बुवांना एखादा चरण सापडावा आणि त्यावर तासभर निरूपण रंगावं, तसं माझं मनातल्या मनात झालं. बुकिंग करायचं. जहाज काही निघत नाही. बायकोला समुद्रावर न्यायला निघालेला नवरा म्हणून नाव होणार, आणि समुद्र आपल्या जागी राहणार, मी माझ्या.

संध्याकाळी मी बुकिंगचा कागद टेबलाच्या उजव्या अर्ध्यावर ठेवला. हिनं तो वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. त्या दिवशी मास्क उलटे शिवले गेले.

पहिली फेरी दोन आठवड्यांत रद्द झाली. मी खुर्चीत मान खाली घालून बसलो. तालीम आधीच झाली होती.

"असू द्या हो," ही माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली. "पुढच्या वेळी निघेल."

"निघायला हवी होती," मी म्हणालो. आवाज थोडा जास्तच घोगरा लागला.

बिनखिडकीच्या खोलीतून आम्ही गोल खिडकीच्या खोलीत गेलो. दुसरी फेरी रद्द झाली आणि खिडकी मोठी झाली. तिसरी रद्द झाली आणि आम्हाला सज्जा मिळाला. दर वेळी माझी मान आणखी खाली जायची, आणि दर वेळी हिचा माझ्याबद्दलचा कळवळा वाढायचा. हिचा धाकटा भाऊ गाडी शिकवण्याचे वर्ग चालवतो. तो फोनवर म्हणाला, "भावजी, ताई सांगत होती, तुम्ही जेवत नाही म्हणून. एवढं मनाला लावून घेऊ नका. मी शिकवताना तेच सांगतो, गाडी बंद पडली तर पुन्हा चालू करायची."

जेवत नव्हतो हे खरं नाही. संध्याकाळचा एक घास कमी घेत होतो, पाहणाऱ्याला दिसावा म्हणून.

मग एके दिवशी ऑफिसचं काम संपवून बघतो तर हिनं गच्चीवर दोन खुर्च्या टाकलेल्या, कठड्याला निळे पडदे बांधलेले आणि फोनवर लाटांचा आवाज लावलेला.

"हे काय?"

"तुमचं जहाज," ती म्हणाली. "निघेपर्यंत इथेच बसू."

वारा आला, पडदे हलले आणि मला मळमळलं. ती म्हणाली, "बघा, डोळे कसे भरून आलेत तुमचे."

चौथ्या फेरीचं पत्र मी सवयीनं मान खाली घालूनच उघडलं. जहाज निघणार होतं. बारा तारखेला, सकाळी दहाला. दोघांनी तपासणीचा अहवाल घेऊन यावं आणि आरोग्याचा अर्ज प्रत्येकानं आपापला भरावा.

हिनं लगेच कपाटातून प्रवासाची बॅग काढली आणि तिच्यावरची धूळ एका मास्कनं पुसायला लागली.

मी पळवाट शोधायला बसलो. आजवर पळवाट शोधली होती ती दुसऱ्यांनी मागितलेलं नाकारण्यासाठी, या वेळी स्वतःसाठी. अर्जात सातवा प्रश्न होता: गेल्या चौदा दिवसांत खोकला झाला होता का? माझ्या खात्यात नवरा-बायकोची पॉलिसी एकच असते. एकात खोट निघाली की दोघांचंही थांबतं. म्हणजे खोली दोघांची, तर अडणार दोघंही. फेरी चुकेल, हिला वाईट वाटेल, पण पुढची फेरी आहेच, असं मी स्वतःला समजावलं. मी 'हो' वर खूण केली आणि अर्ज पाठवून दिला.

पाच मिनिटांनी ही माझ्यासाठी शिवलेलं जाकीट घेऊन आली. आतल्या बाजूला तिनं एक छोटा खिसा केला होता.

"यात आल्याच्या वड्या ठेवायच्या," ती म्हणाली. "आणि ऐका, मला पाणी बघायचं होतं ते होतंच. पण तीन वेळा तुमचा पडलेला चेहरा बघितलाय. आता तुमच्यासाठी तरी निघू दे म्हणून देवाला सांगितलं मी."

देवासमोर माझा अर्ज आधीच पोचलेला असणार. मी जाकीट घातलं. ते अंगात चपखल बसलं, आणि मला दुसरीकडे बघावंसं वाटलं. मी ठरवलं, जायचं. मळमळो, गरगरो, काय वाट्टेल ते होवो. खोकल्याचं काय, धक्क्यावर गेल्यावर खरं सांगून टाकू.

मेव्हण्यानं आम्हाला शिकवणीच्या गाडीतून धक्क्यावर सोडलं. त्या गाडीत दोन ब्रेक असतात, दुसरा शेजारी बसणाऱ्यापाशी, म्हणजे माझ्यापाशी. वाटेत माझा पाय सारखा दुसऱ्या ब्रेकवर जात होता.

काचेमागे बसलेल्या बाईंनी दोघांचे अहवाल पाहिले. दोन्ही ठीक होते. मग संगणकाच्या पडद्यावर माझा अर्ज पाहिला.

"तुम्हाला खोकला होता."

"नव्हता. चुकून खूण झाली."

"तुम्ही स्वतः लिहून दिलंय."

"मी स्वतःच सांगतोय, नव्हता."

"कलम बावीस," बाई म्हणाल्या. "अर्जदाराचं लेखी निवेदन अंतिम मानलं जाईल."

हे वाक्य मी स्वतःच्या हातानं हजारो पत्रांत लिहिलं आहे. समोरून ऐकताना ते इतकं गार लागतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"मग आम्ही दोघंही..." ही पुटपुटली.

"तुमचा अर्ज स्वच्छ आहे. तुम्ही जाऊ शकता."

हिनं बॅगेची मूठ सोडली. "नको. घरी जाऊ आपण."

"जा तू," मी म्हणालो.

"तुमच्याशिवाय?"

"अगं, मला पाण्याची भीती वाटते. आधीपासूनच."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"लग्नानंतर तळ्यावर होडीत बसलो होतो ना, तेव्हापासून. होडी खुंटीला बांधलेली होती, अहो. तरी तुम्ही माझा हात असा आवळलात की आठवडाभर अंगठीचा वळ होता." मग आवाज खाली आणून म्हणाली, "एवढी भीती वाटते, तरी माझ्यासाठी चार वेळा निघालात. म्हणूनच रद्द झालं की मला तुमचं वाईट वाटायचं."

आता मात्र कलम चौदाचं सगळं सांगून टाकायला हवं होतं. मी तोंड उघडलं, आणि नेमका खोकला आला. खरा, छातीतून उठलेला. काचेमागच्या बाई खुर्चीसकट मागे सरकल्या आणि त्यांनी माझ्या कागदावर शिक्का मारला.

मी हातानंच 'जा' अशी खूण केली, आणि ही गेली. वळून तीन वेळा हात हलवला.

संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. तिनं फोन सावकाश गोल फिरवला. सगळीकडे पाणी, आणि पाण्यानंतर आभाळ. मी टेबलाची कड धरून बघत होतो.

"दिसतंय का?" तिनं विचारलं.

"दिसतंय."

"काठ नाहीये कुठेच."

"नाहीये."

मग बराच वेळ नुसता वारा ऐकू येत होता. मीही फोन ठेवला नाही.

ती परत आली त्याच आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. आरोग्याच्या कारणावरून प्रवाशाला अडवल्यास ते कंपनीनं रद्द केल्यासारखंच धरलं जातं. सबब कलम चौदा लागू. माझी जागा पुढच्या फेरीत गेली आहे, एक दर्जा वर. सोबत एक माणूस आणता येईल. प्रवास चौदा दिवसांचा. पत्र मला दाखवण्याआधीच हिनं होकार कळवून टाकला होता.

या वेळच्या अटी मी दोनदा वाचल्या, शेवटपर्यंत. पळवाट नाही. सध्या रोज ऑफिस सुटलं की जाकीट घालून गच्चीवर बसतो, बादलीत पाय सोडून. पहिल्या दिवशी घोट्यांपर्यंत गेलो होतो. काल पोटऱ्यांपर्यंत पोचलो.