तात्यांचा पालथा हात

सोपानतात्या आमच्या घरी आले की आधी फ्रिजला हात लावतात. फ्रिजच्या मागे, जिथे आपण घर घेतल्यापासून झाडू फिरवलेला नसतो, तिथे ते आईनं पोराचा ताप बघावा तसा पालथा हात टेकवतात आणि मान हलवतात. "ताई, तापलंय. तापलं म्हंजी वाया चाललं." मग टीव्ही, मग मोबाइलचा चार्जर, मग देवघरातला बल्ब. माझ्या सासूबाई एकदा उठून आत गेल्या, त्या आता आपला नंबर या भीतीनंच.

चाकणच्या अलीकडे कुरुळीत तात्यांचं प्रेसशॉप आहे. गाड्यांना लागणाऱ्या पत्र्याच्या क्लिपा तिथे दिवसभर ठोकल्या जातात. भिंतीपलीकडे माझा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना. कारखाना म्हणजे एक शेड, दोन मशिनं, चार बायका आणि मी. मी दिघीहून येते. तात्या मूळचे इथलेच. आमच्या दोन्ही शेडच्या जागी पूर्वी त्यांचं वावर होतं आणि ते त्यांना अजून दिसतं. माल न्यायला येणाऱ्या ड्रायव्हरला ते फोनवर सांगतात, "हायवे सोडला की खळ्यापासनं डावीकडं वळायचं, मंग ज्वारीच्या पट्टीच्या कडंकडंनं सरळ." खळ्यावर आता वजनकाटा आहे आणि ज्वारीच्या पट्टीवर गोडाऊन. ड्रायव्हर बिचारा थोडा वेळ फिरतो आणि मला फोन लावतो.

मी नवीन आले तेव्हा हा रस्ता नुसता फुफाटा होता. दुपारी तात्यांच्या बायको, गुणाबाई, डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन यायच्या आणि शेडला टेकलेल्या चिंचेखाली बसायच्या. मला हाक मारून मीठ लावलेल्या चिंचा द्यायच्या. ते दिवस आठवले की अजून तोंडाला पाणी सुटतं.

गुणाबाई गेल्या, पुढे रस्ता डांबरी झाला, आणि मग एक दिवस तात्यांच्या क्लिपा घेणाऱ्या कंपनीनं फर्मान काढलं. आमचा माल बनवणाऱ्यानं निम्म्याहून जास्त वीज उन्हाची वापरावी, नाहीतर पुढची ऑर्डर विसरावी. तात्यांचं निम्मं काम त्या एका कंपनीचं. त्यांचा चेहरा उतरला. तेवढ्यात आमच्या लघुउद्योजक मंडळानं अभ्यासदौरा जाहीर केला. मला वाटलं, महाबळेश्वर. निघाला चाकणच्या पलीकडचाच एक कारखाना.

तिथे पर्यावरण वाचवण्यावरचं भाषण आम्ही इतक्या थंड हॉलमध्ये ऐकलं, की तात्यांनी उपरणं कानाला गुंडाळलं. मध्येच उठून त्यांनी प्रोजेक्टरला पालथा हात लावला. "सायेब, ह्यो तापलाय." बोलणारा इंजिनिअर चांगला होता, हसला. नंतर त्यानं सगळं हौसेनं दाखवलं. नळ्यांतून सूं करून गळणारी कॉम्प्रेसरची हवा, म्हणजे वाया जाणारी वीज, दिवसा दिवे लागू नयेत म्हणून छपरात बसवलेले पारदर्शक पत्रे, कॅन्टीनच्या उष्ट्यावर चालणारा गॅस. त्या गॅसवरचा चहा तात्या पुन्हापुन्हा मागून प्यायले. शेवटी आम्ही गच्चीवर गेलो. सोलरची पॅनेलं ओळीनं मांडलेली होती.

"आन झाड मधी आलं तर?" तात्यांनी विचारलं.

"एका पॅनेलवर सावली पडली तरी अख्खी ओळ ढेपाळते, काका."

"मंग?"

"मग झाड छाटायचं."

निघताना आम्हाला आठवण म्हणून प्लास्टिकच्या पिशवीतलं एकेक रोप मिळालं. तात्यांनी ते हातात फिरवून बघितलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "ह्ये मोठं झाल्यावर कुणी छाटायचं?" बसमध्ये हसून हसून आमची पोटं दुखली. तात्या मात्र कुरुळी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते.

त्यानंतर म्हातारा चेकाळला. साबणाचा फेस घेऊन कॉम्प्रेसरच्या नळ्या तपासायचा, बुडबुडा दिसला की मिस्त्रीवर ओरडायचा. जुनी तापणारी मोटर भंगारात गेली, छपराला पारदर्शक पत्रे लागले. कामगार पाणी प्यायला उठला की त्याच्या डोक्यावरचा पंखा बंद. पोरं तात्यांना लांबून येताना बघून म्हणायची, "भावा, मीटर आलं." हळूहळू हे मीटर माझ्या शेडमध्येही शिरायला लागलं. "तात्या, माझं बिल मी भरते!" मी एकदा चिडून म्हणाले. ते "व्हय व्हय" म्हणाले आणि जाता जाता दिवा घालवून गेले.

मग त्यांचा मुलगा महेश सोलरवाल्याला घेऊन आला. महेश वाकडला उंच बिल्डिंगमध्ये राहतो, आयटीत आहे, सणासुदीला उगवतो. सोलरवाला म्हणाला, छपराच्या दक्षिणेकडच्या निम्म्या भागावर चिंचेची सावली पडते, ही आडवी फांदी काढा. महेश म्हणाला, "पप्पा, एक फांदी तर आहे." तात्या म्हणाले, "बघू."

पॅनेलं आली ती निम्म्याच छपरावर बसली. मी कपाळाला हात लावला. इतक्या वर्षांचा धंदा आणि म्हातारा एका फांदीसाठी हट्टाला पेटलाय! भर उन्हाळ्यातल्या एका दुपारी मी तणतणतच चिंचेखाली गेले. तात्या एकटेच भाकरी खात बसले होते.

"तात्या, ऑर्डर गेली म्हणजे?"

"न्हाई जात. काल त्यांचा मानूस मीटर बघून गेला. पास."

"निम्म्या छपरावर?"

"वीज वाढवता येत न्हाई, तर वापरच कमी केला," ते शांतपणे म्हणाले. "पंखं, मोटर, नळ्या, समद्यातनं थोडं थोडं काढलं. आता हाय तेवढ्या पॅनेलात निम्म्याच्या वर भागतंय. ऱ्हायलेलं ऊन चिंचेच्या वाटचं."

तात्यांनी वर बोट दाखवलं. आडव्या फांदीवर सालीत गोल वण होता.

"महेशची झोळी हितं असायची. ही खुरपायला बसायची, मी औत धरायचो. त्यो रडला की मी औत सोडून यायचो, झोका द्यायला. दोरीनं साल घासली त्याची खूण ती. शेड झाली तरी ही भाकरी घिऊन हितंच यायची. दुसरीकडं घास उतरायचा न्हाई तिला."

"महेशला सांगितलंत का हे?"

"त्याला काय आठवतंय?" तात्या हसले. "त्यो झोपलेला असायचा."

त्यांनी खोडावर पालथा हात टेकवला. आता ते काय म्हणणार, म्हणून मी बघत राहिले.

"लावा हात, ताई. एवढ्या उन्हात बी गार हाय."

मी हात लावला. खरंच गार होतं. तात्यांनी अर्धी भाकरी माझ्यापुढे केली.

आता माझ्या शेडमध्ये रिकाम्या खुर्चीवर पंखा फिरताना दिसला की मी उठून बंद करते. माझं मीटर वेगळं आहे, त्या चिंचेला त्याचा काडीचा उपयोग नाही, हे मला कळतं. तरी बंद करते.